दलदलीच्या बिडगर मॅडम

बिडगर मॅडमच्या चपला स्टाफरूमच्या दाराबाहेर असायच्या. इतर कुणाच्या नसायच्या. त्यांच्या चपलांना वास यायचा, साचलेल्या पाण्याचा, कुजलेल्या पाल्याचा, काळ्या गाळाचा. एकदा आमच्या विभागप्रमुखांनी शिपायाला हाक मारून विचारलं, "अरे, इथं कुठं उंदीर मेलाय का?" मॅडम कोपऱ्यात पेपर तपासत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "उंदीर नाय सर. मी आहे."

त्या दिवसापासून चपला बाहेर. पण त्यांच्या तोंडावर लाज कधी दिसली नाही. उलट घंटा झाली की त्या चपला पायात घालताना मुद्दाम आपटायच्या, वाळलेला गाळ पायरीवर पाडायच्या आणि वर्गावर निघून जायच्या.

मी त्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, त्या वनस्पतिशास्त्र. आम्ही दोघी एकाच कॉलनीत राहायचो आणि मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून रोज त्यांच्या स्कूटीवर मागं बसायचे. माझी त्यांच्याशी मैत्री झाली ती एवढ्या साध्या कारणानं. त्या माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या. उंच, रापलेल्या, हातापायांनी दणकट. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या "तुम्ही का केलं?" असं उलट विचारायच्या. शहर तेव्हा वाळूजकडं आणि बीड बायपासकडं हात-पाय पसरत होतं. आम्ही ज्या रस्त्यानं जायचो, त्याच्या दोन्ही बाजूंना दर महिन्याला नवा बोर्ड लागायचा, नवं प्लॉटिंग पडायचं. शहराला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही येईल की नाही सांगता यायचं नाही. बोर्डांवर मात्र कारंजी काढलेली असायची.

मॅडम वैजापूर तालुक्यातल्या. धनगराचं घर. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, भावानंही तेच केलं. इंदू नावाची ही पोरगी मात्र शाळेत हुशार निघाली. आधी तालुक्याच्या गावी, मग शहरात, मग विद्यापीठात असं करत ती कुठल्या कुठं, पार फिनलंडला जाऊन पोचली. तिथं त्यांनी चार वर्षं काढली ती दलदलीत. म्हणजे खरोखरच्या दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभं राहून. म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं दलदल मॅडम. ते त्यांना माहीत होतं. हजेरी घेताना मागून कुणी पुटपुटलं की त्या म्हणायच्या, "मोठ्यानं म्हण. पदवी आहे माझी ती."

शिकवताना त्यांची एक खोड होती. मुलानं उत्तर दिलं की त्या गप्प उभ्या राहायच्या. उत्तर बरोबर असलं तरी. मग म्हणायच्या, "मग पुढं?"

"मॅडम, झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात."

"मग पुढं? रात्री काय करतात? मुळं काय करतात? मेल्यावर काय करतात?"

मुलं वैतागायची. पहिल्या वर्षाची अर्धी मुलं त्यांच्या तासाला बसायचीच नाहीत. मीही एकदा त्यांना म्हटलं होतं की मार्कांपुरतं शिकवा ना, कशाला छळता. स्कूटी सिग्नलला थांबली होती. त्या मागं वळून म्हणाल्या, "वैशाली, खोटं बोलणारा पकडता तरी येतो. अर्धं बोलणाऱ्याला कुठून पकडशील?"

त्यांचं काम काय होतं ते मला पहिल्यांदा नीट कळलं ते शिंगाडे तलावाच्या काठावर. शहराच्या कडेला असलेला हा जुना निजामी काळातला तलाव. कधी काळी त्यात शिंगाडे व्हायचे म्हणून नाव पडलं. आमच्या वेळी शिंगाडे नव्हते. एका बाजूनं नव्या वसाहतींचं सांडपाणी उतरत होतं आणि निम्मा तलाव पाणकणसानं भरला होता. माणसाहून उंच पात्यांचं दाट रान, टोकाला तपकिरी मखमली कणसं. दुष्काळात भोवतालचं सगळं करपून पिवळं पडायचं तेव्हाही ही एवढी जागा हिरवी असायची.

एका रविवारी मला घेऊन गेल्या. साडीवर पुरुषी शर्ट, पायात फिनलंडहून आणलेले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पाण्यात शिरल्या आणि पाणकणसाच्या एका बेटावर काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची उंच पेटी उपडी ठेवली. पेटीला वरून एक नळी. तिला इंजेक्शनची सिरिंज लावून आतली हवा त्या थोड्या थोड्या वेळानं ओढून घ्यायच्या.

"काय मोजताय?"

"गोबरगॅस," त्या म्हणाल्या.

मग काठावर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं. गोबरगॅसच्या टाकीत जे होतं तेच इथं खाली गाळात होतं. हवा पोचत नाही तिथं पालापाचोळा कुजतो आणि मिथेन तयार होतो. तो हवेत गेला की पृथ्वी तापवतो. आता गाळातून वर यायला त्याला वाट पाहिजे. पाणकणसाचं देठ आतून पोकळ, जाळीदार असतं. झाडाला ती पोकळी लागते मुळांपर्यंत हवा न्यायला. पण हवा ज्या वाटेनं खाली जाते त्याच वाटेनं मिथेन वर येतो. सकाळी ऊन चढलं की जास्त येतो.

"म्हणजे ही झाडं वाईट?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला पहिल्या वर्षाच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं.

"चुलीचं धुराडं वाईट असतं का? धूर चुलीत बनतो. आणि हे धुराडं एकाच बाजूनं चालत नाय. त्यातनं खाली गेलेली हवा मुळांच्या भोवती झिरपते. तिथं मिथेन खाणारे जिवाणू असतात, ते तो वर यायच्या आतच खाऊन टाकतात. किती वर येतो, किती खाल्ला जातो, हे झाडाझाडावर असतं. तेच तर मोजायचं."

फिनलंडच्या गोष्टी त्या फारशा सांगत नसत, पण त्या दिवशी सांगितल्या. तिकडं मैलोन्‌मैल दलदल. हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पाला थरावर थर साचलेला, काळा, ओला, लोण्यासारखा मऊ. त्यावर स्पंजासारखं शेवाळ. ते शेवाळ मिथेन खाणाऱ्या जिवाणूंना पोटाशी धरतं. जिथं शेवाळ दाट, तिथं वायू कमी सुटतो. आणि मधूनमधून एक लव्हाळ्यासारखं गवत, ते मात्र धुराड्यासारखं. उन्हाळा आला की त्या गवताला पांढरी बोंडं येतात. हुबेहूब कापूस.

"पहिल्यांदा पाह्यलं ना, मी तिथंच खाली बसले. सगळा माळ पांढरा. मला वाटलं आपलं शिवार आलं उठून. आणि वेचायला एक बाई नाय." त्या हसल्या. "दादाला फोन केला. वडील होते तेव्हा, त्यांनी फोन घेतला. विचारलं, तिथं पाणी हाये का? म्हटलं, पाणीच पाणी हाये बाबा, पाय ठेवायला कोरडी जागा नाय. मग म्हणाले, म्हणजे मेंढरं नेता येत नाय. मग काय उपयोग त्याचा? फोन ठेवून दिला."

त्या तिथंच राहू शकल्या असत्या. तिथल्या प्राध्यापकांनी थांबवायचा प्रयत्न केला होता असं मी दुसऱ्यांकडून ऐकलं. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "त्यांच्या दलदलीला मोजणारे लई आहेत."

तलावाच्या काठाला शेदोनशे घरांची वस्ती होती. तिथं नसीमआपा राहायच्या. नवरा वारलेला, मुलगी सासरी. अंगणात जुनी दगडी विहीर. सगळ्या वस्तीला टँकरची वाट पाहावी लागायची तेव्हाही त्या विहिरीला पाणी असायचं, आणि वस्तीतल्या बायका तिथून भरायच्या. मॅडम त्यांच्या ओट्यावर पेटी ठेवायच्या, चहा घ्यायच्या. आपांना वाटायचं की ही एवढाली झाडं पाणी पिऊन टाकतात.

"मॅडम, ये गवत सारा पानी पी जाता ना?"

"पीता है आपा. लेकिन इसके वजह से ही तुम्हारी बावडी में पानी है." मॅडमची हिंदी अशीच, ठसठशीत. "ये गंदा पानी रोकता है, छानता है, फिर नीचे सोडता है. तलाव आहे तोपर्यंत बावडी आहे."

आपा मान डोलवायच्या. पटलं होतं की पाहुणीचा मान म्हणून, कुणास ठाऊक.

आणि विलास. त्याच्याबद्दल लिहायला माझा हात जड होतो, पण त्याच्याशिवाय हे पुरं होत नाही. विलास गंगापूरकडचा, ऊस असलेल्या घरातला, एम.एस्सी.ला मॅडमकडं आला. मॅडमच्या "मग पुढं?"ला न वैतागणारा एवढाच एक विद्यार्थी मी पाहिला. छातीएवढ्या पाण्यात उभा राहायचा, पेटी हलू नये म्हणून धरून ठेवायचा. मॅडम त्याला डब्यातली अर्धी भाकरी द्यायच्या आणि तो सगळा डबा संपवायचा. मॅडमचे तलावावरचे आलेख त्यानंच काढलेले. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला मिथेन मोजायला शिकवलं, आलेखातली चूक ओळखायला शिकवलं, आणि मला म्हणाल्या, "हा राहील बघ. हा माझं काम पुढं नेईल."

तो राहिला नाही. त्याला नोकरी मिळेना. कॉलेजात जागा निघाली ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, कशी मिळाली ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वर्षभर त्यानं कोचिंग क्लासमध्ये शिकवलं. मग एका बिल्डरकडं लागला. पुढं तो पर्यावरण सल्लागार झाला, चारचाकी आली, हातात अंगठ्या आल्या. दिवाळीला मॅडमकडं मिठाई घेऊन यायचा आणि पाया पडायचा. मॅडम खूश असायच्या. म्हणायच्या, "पोटाला तर लागलाच ना. आतली माहिती असलेला माणूस तिकडंही पाहिजे."

त्या बिल्डरनं शिंगाडे तलावाच्या वरच्या अंगाची जमीन घेतली, हे आम्हाला उशिरा कळलं. त्याच्याच जुन्या वसाहतींचं सांडपाणी तलावात येत होतं, हे मॅडमना फार आधीपासून माहीत होतं. त्यांनी ते लेखी सांगितलंही होतं, चार ठिकाणी. कुठून उत्तर आलं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. तलाव आकसून निम्म्यावर आला होता, काठाला वास मारत होता, डास झाले होते. मग एकदम चर्चा सुरू झाली की हा तलाव म्हणजे आरोग्याला धोका. त्याचं "सुशोभीकरण" व्हावं. गाळ काढावा, पाणकणीस उपटावं, मधला थोडा भाग बांधून घ्यावा आणि उरलेल्या जागी भराव घालून बाग करावी. लोकांचं म्हणणं ऐकायला एक समिती बसली. सभा एका मंगल कार्यालयात ठेवली होती. मॅडमना खास निमंत्रण आलं, तज्ज्ञ म्हणून. निमंत्रण द्यायला विलासच घरी आला होता.

"मॅडम, तुमच्याशिवाय या विषयावर बोलणारं शहरात आहेच कोण? तुमचं सगळं संशोधन आपण पडद्यावर दाखवू. मी करतो तयारी. तुम्ही फक्त या."

मॅडमना वाटलं, वेळ आली. मी त्यांना इतकं उत्साहात कधीच पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी साडीला इस्त्री केली. मला म्हणाल्या, "झाडं ठेवा, घाण थांबवा. एवढं एकच सांगायचंय. घाणीवरच तो वायू पोसतोय. सांडपाणी बंद केलं की दोन-तीन वर्षांत फरक दिसंल. झाडं उपटली तर वायू बंद होत नाय, बुडबुड्यांनी वर येतो, आणि पाणी गाळणारं कुणी राहत नाय."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. हॉल भरला होता. वस्तीतल्या बायका मागं उभ्या, त्यांत नसीमआपाही. पुढं समितीचे लोक, बिल्डरचे लोक, वॉर्डातले कार्यकर्ते, दोन-तीन कॅमेरे. विलास माइकवर आला. गोड बोलला. मॅडमची ओळख करून दिली, फिनलंड सांगितलं, माझ्या गुरू म्हणाला, टाळ्या घेतल्या. मग पडद्यावर आलेख आला. मॅडमचाच. पाणकणसात किती मिथेन सुटतो, उघड्या पाण्यात किती. पाणकणसाचा खांब उंच, उघड्या पाण्याचा बुटका. त्या आलेखाच्या शेजारी मॅडमच्या कामात आणखी आलेख होते: मुळांजवळ किती वायू खाल्ला जातो त्याचे, सांडपाण्याच्या तोंडाशी आणि लांब किती फरक पडतो त्याचे. त्यांतला एकही पडद्यावर आला नाही.

"मॅडम," विलास म्हणाला, "लोकांना सोप्या भाषेत सांगायचं म्हणून एकच विचारतो. या पाणकणसातून मिथेन बाहेर पडतो का?"

मॅडम उठल्या. "पडतो. पण..."

"आणि मिथेन हवामानाला घातक वायू आहे?"

"आहे. ऐक विलास, तो बनतो कशामुळं ते..."

"धन्यवाद मॅडम!" आणि त्यानंच पहिली टाळी वाजवली. पुढच्या रांगा टाळ्या वाजवू लागल्या. एक कार्यकर्ता ओरडला, "ऐकलं का? शास्त्रज्ञ बाई स्वतः सांगताहेत!" मॅडम बोलत होत्या. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. माइक विलासच्या हातात होता आणि विलास तो खाली धरून, मान लववून, आदरानं ऐकत असल्यासारखा उभा होता.

मॅडमनी पुढं होऊन माइकला हात घातला. एका क्षणासाठी दोघांनीही तो धरला होता. त्यांच्या तोंडून एकच वाक्य हॉलमध्ये ऐकू गेलं: "विलास, दुसरा आलेख लाव." मग समितीचे अध्यक्ष म्हणाले की वेळ कमी आहे, बाईंनी बसून घ्यावं, त्यांचा मुद्दा आलेला आहे. मॅडम बसल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. शेवटी दोन कार्यकर्त्या बायकांनी त्यांना दंडाला धरून खुर्चीकडं नेलं, अगदी प्रेमानं, आजारी माणसाला नेतात तसं.

बाहेर मांडवात विलास भेटला. मॅडम त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं मारतात आता.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी एक तरी आकडा खोटा दाखवला का?" विलासचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "तुमचाच आलेख आहे. एक रेघ बदललेली नाही."

"ते नाय विचारलं मी."

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. तलाव तसाही जाणारच होता. मी नसतो तर दुसऱ्यानं केलं असतं, आणि त्यानं तुमचं नावसुद्धा घेतलं नसतं."

मॅडम वळल्या आणि स्कूटीकडं चालू लागल्या. त्या दिवशी स्कूटी मी ढकलत घरी आणली, कारण त्यांना किल्ली लावता येईना.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक आलं की तलावातून घातक वायू सुटतोय, महिला शास्त्रज्ञांचा इशारा. खाली मॅडमचा हसरा फोटो, कॉलेजच्या कुठल्या तरी स्नेहसंमेलनातला. मॅडमनी खुलासा लिहून पाठवला, तो छापून आला नाही. त्या स्वतः जाऊन बसल्या, तर त्यांना सांगितलं गेलं की विषय आता जुना झाला.

जेसीबी आले तेव्हा कडक ऊन होतं. पाणकणीस मुळासकट उपटून ढीग केले आणि पेटवून दिले. ओलं असल्यामुळं ते दोन दिवस नुसतं धुमसत होतं. मॅडम रोज जाऊन काठावर उभ्या राहायच्या. रजा टाकली होती. ड्रायव्हर त्यांना ओळखायला लागला, "ताई, बाजूला व्हा, लागंल" म्हणायचा. त्यांनी कुणाला अडवलं नाही, जेसीबीपुढं झोपल्या वगैरे नाहीत. मला त्यांचा तेव्हा रागच आला होता. मी म्हटलं, काहीतरी करा, आपण माणसं जमवू. त्या म्हणाल्या, "कुणाला जमवशील? माझंच नाव पुढं करून चाललंय सगळं. मी आडवी पडले तर म्हणतील, बाईला वायू चढला." आणि हसल्या. ते हसू ऐकवत नव्हतं.

भराव पडला. विटांचे तुकडे, पाडलेल्या घरांचा मलबा, मुरूम. पुढच्या उन्हाळ्यात नसीमआपांची विहीर तळाला गेली. मग आटली. मॅडमना कळल्यावर त्या मला घेऊन गेल्या. आपा ओट्यावर बसल्या होत्या, शेजारी रिकाम्या कळशा. पूर्वी मॅडम आल्या की त्या उठून चटई टाकायच्या. त्या दिवशी उठल्या नाहीत.

"आपा, मैंने उस दिन..." मॅडमनी सुरुवात केली.

"आपने ही तो बोला था ना मॅडम, भरी सभा में," आपा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "गॅस है, बुरी है. हम तो पीछे खडे थे. हमने अपने कानों से सुना."

"पूरा नहीं सुना आपा. उन्होंने बोलने नहीं दिया."

"हमको तो इतनाच सुनाई दिया." आपांनी पदर तोंडावर घेतला आणि आत गेल्या. चहा विचारला नाही.

परत येताना मॅडमनी स्कूटी रस्त्याच्या कडेला थांबवली. वाहनं शेजारून जात होती. मी काही तरी समजुतीचं बोलायला गेले. "गप बस वैशाली," त्या म्हणाल्या. "खरं बोलली ती. तिला तेवढंच ऐकू आलं."

मला वाटतं, सभेत त्या मोडल्या नव्हत्या. त्या मोडल्या त्या ओट्यावर. त्यानंतर त्यांनी पेटी कॉलेजच्या अडगळीत टाकली, बूट कुणाला तरी देऊन टाकले. वर्गात मुलं जे काही सांगतील ते त्या ऐकून घ्यायच्या आणि "बरोबर" म्हणून पुढच्या मुलाकडं वळायच्या. मुलांना त्या आवडायला लागल्या. त्यांच्या तासाला गर्दी व्हायला लागली. याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

बागेचं उद्घाटन झालं तेव्हा मॅडमना सत्काराला बोलावलं. मी म्हटलं जाऊ नका. त्या गेल्या. शाल, श्रीफळ घेतलं, खुर्चीवर बसल्या. बोलायला सांगितलं तेव्हा मानेनंच नाही म्हणाल्या. विलासनं माइकवर सांगितलं की मॅडम नेहमीच कमी बोलतात, काम बोलतं. बागेचं नाव होतं लेक व्ह्यू. पाहायला तळं उरलं नव्हतं, निळ्या फरशीचा एक हौद होता, आणि पाणीटंचाईमुळं तोही कोरडा होता.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या वर्षी बागेच्या शेजारच्या नव्या इमारतीच्या आवारात एका गटाराच्या चेंबरचं लोखंडी झाकण स्फोट होऊन उडालं. चौकीदारानं विडी पेटवून काडी तिथं टाकली होती. त्याचा हात भाजला, जीव वाचला. भरावाखाली तो सगळा काळा गाळ तसाच होता, कुजत होता, आणि वायू फटीफटीतून वाट काढत होता. मला वाटलं, आता तरी लोकांना कळेल. संध्याकाळी टीव्हीवर विलास आला. गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "या जागेतल्या मिथेनचा इशारा माझ्या गुरू डॉक्टर बिडगर मॅडमनी कितीतरी आधी दिला होता. त्या काळात आपण तातडीनं तलाव हटवला, म्हणून मोठा अनर्थ टळला."

मी मॅडमना फोन केला. त्या पाहत होत्या. "पाह्यलं," म्हणाल्या. "चौकीदाराचा कुठला हात भाजला, डावा का उजवा?" मला माहीत नव्हतं. "उजवा असंल तर नोकरी गेली त्याची," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निवृत्त झाल्यावर निरोप समारंभ नको म्हणाल्या. घर विकलं आणि वैजापूरकडं भावाच्या गावी राहायला गेल्या. भावाचा मुलगा वाळूजला कंपनीत लागला होता, मेंढरं राखायला म्हाताऱ्या भावाशिवाय कुणी नव्हतं. मॅडम त्याच्याबरोबर फिरायला लागल्या. पेन्शनवाली प्राध्यापक बाई मेंढरांमागं फिरते, डोक्यावर परिणाम झाला, असं कॉलेजात बोललं जायचं. मी एकदा फोनवर विचारलं, करमतं का? "मेंढरं काय विचारत नाहीत," त्या म्हणाल्या. नंतर फोन उचलणंही कमी झालं, मग बंद झालं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते रस्त्यावर. आम्ही घरचे सगळे एका लग्नाला वैजापूरकडं निघालो होतो. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी चुकला होता. दोन्ही बाजूला नांगरलेली, ढेकळं उघडी पडलेली रानं. समोर गाड्या थांबल्या होत्या, आमचीही थांबली. काच खाली करून पाहिलं तर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. रोडावलेली, लोकर झडलेली मेंढरं. पलीकडं घोंगडी खांद्यावर टाकलेला म्हातारा त्यांना हाकारत होता. आणि अलीकडं रस्त्याच्या मधोमध, आमच्या गाडीच्या तोंडासमोर, हात वर करून बिडगर मॅडम उभ्या होत्या. केस पांढरे, पायात जाड टायरच्या वहाणा, डोक्यावर पदर.

आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी त्याला थांबवलं आणि दार उघडून हाक मारली, "मॅडम! बिडगर मॅडम! मी वैशाली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओळखलं, हे मी शपथेवर सांगते. पण हात खाली आला नाही. तो पंजा आमच्याकडं वळलेला तसाच राहिला, पुढं येऊ नका म्हणून. एक लंगडं कोकरू मागं राहिलं होतं. ते रस्त्याच्या कडेला पोचेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग हात खाली केला, कोकरू काखेत उचललं आणि पलीकडच्या उतारावरून खाली निघून गेल्या. मागचे ट्रक हॉर्न वाजवायला लागले होते. मी दार लावून घेतलं.